चढावर दुखणारा दात

माझं राज्य एवढंसं: दोन जबडे, बत्तीस घरं,
त्यातली निम्मी या गावात ओसाडच.
नुर्मेसमध्ये हिवाळा लांब,
आणि कॉफीसोबत गोड पाव खाल्ला नाही
तर पाहुणा रुसून गेला म्हणतात.

लेंपी कार्वोनेन आली ती फेब्रुवारीत,
लोकरी टोपी हातात चुरगाळत.
खालचा, डावीकडचा, म्हणाली. कधी दुखतो, कधी नाही.
मी आरशानं पाहिलं, सळईनं टकटक केली,
गार हवेचा फवारा मारला.
ती हललीसुद्धा नाही.
दात ठणठणीत. साठीच्या तोंडात
इतका देखणा दात मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"नेमका कधी दुखतो?"
"सरपण घेऊन सौनाकडे चढताना."
"उतरताना?"
"तेव्हा नाही. टोपली ठेवून जरा बसले की जातो."
"आणि चावताना?"
"चावताना कशाला दुखेल?"
असं पाहिलं माझ्याकडे
की डॉक्टर तीच.

चढावर दुखणारा दात.
मी हातमोजे काढले.

माझं गप्प होणं भरून काढायला ती बोलत राहिली.
रेइनोचं बायपास झाल्याला चार वर्षं,
तेव्हापासून घरात लोणी नाही, खारवलेला मासा नाही,
राईच्या भाकरीवर नुसते काकडीचे काप.
त्याच्या गोळ्या दर रविवारी सात घरांच्या डबीत भरते,
त्याचा रक्तदाब वहीत लिहिते, सकाळ-संध्याकाळ.

"आणि तुझा?"
"माझा काय?"

माझा काय.
आईच्या तोंडून ऐकलेलं, मावशीच्या,
परवा आरशासमोर माझ्याच.

मग एकेक निघालं, किडलेल्या मुळासारखं, तुकड्यातुकड्यानं:
झोपून उठलं तरी न गेलेला थकवा,
चादर बदलता बदलता मध्येच बसणं,
रात्री दोन खवाट्यांच्या मधोमध कुणी बोट रुतवल्यासारखं.
तो झोपल्यावर खिडकीशी एक सिगारेट. एकच.
आणि काइसाच्या वेळी, तीस वर्षांपूर्वी,
पाय भोपळ्यासारखे सुजले, दाब चढला,
महिनाभर निजवून ठेवलं इस्पितळात.
बाळ झालं, दाब उतरला, कागद फायलीत गेला.
त्या कागदाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.
तिनंही नाही.

चित्रात नेहमी पुरुषच कोसळतो, छाती धरून.
बाईचं दुखणं कितीदा दारानं येतच नाही,
शेजारच्या घरात शिरतं: जबड्यात, पाठीत,
पोटात मळमळ होऊन बसतं.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
आणि बुक्क्या आतून.

मी फोन उचलला तशी ती चिडली.
"दातासाठी अँब्युलन्स? गाव हसेल!"
मग, स्ट्रेचरवर पट्टे आवळले जात असताना:
"त्याच्या दुपारच्या गोळ्या कोण देणार?"
जोएन्सूपर्यंत सव्वाशे किलोमीटर बर्फ.
मी दारात उभी होते, हातात तिची टोपी.

मे महिन्यात, तळ्यावरचा बर्फ फुटत असताना, ती आली.
चालत. चढावरून.
म्हणाली, टोपी दे, आणि पैसे घे.
दात काढलाच नाही तर पैसे कसले?
"पाहिलास ना? मग घे."
पिशवीतून गोळ्यांची डबी काढून दाखवली,
जांभळी, नवी कोरी.
"निळी त्याची. ही माझी.
आणि वहीला आता दोन रकाने आहेत.
तो माझा लिहितो. अक्षर भयंकर."
सिगारेटचं विचारलं
तर खिडकीबाहेर पाहिलं तिनं.
"दोनदा सोडली," म्हणाली, "तिसऱ्यांदा सोडतेय."

आता माझ्या खणात, चिमट्यांशेजारी,
दाब मोजायचा पट्टा असतो.
पन्नाशीपुढची कुणी खुर्चीत बसली
की तोंड उघडायच्या आधी मी बाही वर करायला सांगते.
कुरकुरतात.
"दात दुखतोय माझा, मला दंड कशाला?"
"दंड नाही गं, दंडच," मी म्हणते, पट्टा गुंडाळत,
आणि हवा भरता भरता, सहज विचारल्यासारखं,
"चढावर काही दुखतं का?"

बहुतेक जणी हसतात.
एखादी हसत नाही.
हातातली टोपी चुरगाळायला लागते.